तीन कप्प्यांची थैली

मी एक जुनी कापडी थैली आहे. नागपूरच्या इस्पितळातून आलेले एक पत्र माझ्यापाशी दोन महिने पडून होते आणि मधुकररावांनी त्याला उत्तर दिले नव्हते. मित्रांनो, ते पत्र आठवले की आजही माझ्या शिवणी आवळून येतात.

माझा जन्म पवनी तालुक्यातल्या आसगावचा. मधुकररावांनी गावच्या वाचनालयात तीस वर्षे पुस्तके सांभाळली. तिथला पडदा विरला तेव्हा ते तो घरी घेऊन आले आणि त्यांच्या पत्नीने, आनंदाबाईंनी, त्यातल्या बऱ्या कापडाची मला शिवली. आत तीन कप्पे केले. मधुकररावांनी प्रत्येकावर शाईने नाव घातले. गाव, पवनी, नागपूर.

आनंदाबाईंचे औषध तीन ठिकाणचे होते. मधुमेहाची, म्हणजे साखरेची, गोळी गावच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. थकवा आला की त्या पवनीच्या खाजगी डॉक्टरांकडे जात. नागपूरला त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. तो खर्च पिवळ्या रेशनकार्डावर सरकारच्या आरोग्य योजनेतून झाला होता.

एका डॉक्टरचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही, हा घरचा नियम.

"डॉक्टरले राग येते," आनंदाबाई म्हणत. "एका सोयऱ्याच्या घरचं जेवण दुसऱ्याच्या घरी कोनी सांगते का?"

म्हणून ज्या दवाखान्यात जायचे, तेवढाच कप्पा उघडायचा. शेजारच्या शकुनबाई माझे कौतुक करत, "पाहा, कसं येगळं येगळं ठेवलं हाय!" मी फुगून जाई. आपले काम कागद एकमेकांपासून लपवण्याचे आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

यंदा आनंदाबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. कळ उठली की त्या पोट धरून बसत. पेजेवर दिवस काढत. शस्त्रक्रिया नागपूरच्याच दुसऱ्या इस्पितळात, त्याच योजनेतून होणार होती. इस्पितळात योजनेच्या रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र असतात. त्यांनी फोन लावून पाहिला, पण कागदावरचा नंबर कधीच बंद पडलेला. मग त्यांनी पत्र धाडले. रुग्ण कुठून कुठून कोणती औषधे घेते, त्याची यादी सहीनिशी पाठवा. यादी पाहिल्याशिवाय तारीख मिळणार नाही.

मधुकरराव चार वेळा लिहायला बसले. यादी लिहायची म्हणजे एका डॉक्टरचे औषध दुसऱ्याला कळणार. कोण काय म्हणेल? चारही कागद त्यांनी फाडले. कळ मात्र थांबत नव्हती.

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले. रोवणाऱ्या बायांची शिदोरी घेऊन निघालेल्या आनंदाबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घाम घाम होऊन कोसळल्या. गावची आशाताई, म्हणजे आरोग्याचे काम पाहणारी रक्षा, त्याच वाटेने येत होती. शुद्ध होती, म्हणून तिने त्यांना बसवून तोंडात साखर घातली, पाणी पाजले आणि हुशारी आल्यावर घरी आणले. मग तिने मला खाटेवर पार उलटी केली. माझ्या आयुष्यात तिन्ही कप्प्यांचे कागद पहिल्यांदा एकमेकांना भेटले.

"काकू, नावं येगळी हायेत, पन आतलं औषध एकच. गावची गोळी बी घेता आन पवनीची बी?"

"देल्ली त घेतली."

"दुसरी चालू हाय म्हनून सांगतलं का त्यायले?"

आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. मधुकरराव पुटपुटले, "त्यायचा अपमान झाला असता..."

"होऊ द्या ना, काकाजी! साखर अजून उतरली असती त काकू धुऱ्यावरच राह्यल्या असत्या. आन हे जाळीवाल्या डॉक्टरची रक्त पातळ करायची गोळी. हे न सांगता पोटावर सुरी फिरली असती म्हंजे?"

मधुकरराव खाटेवर पसरलेले कागद एकत्र गोळा करू लागले.

त्याच दुपारी रक्षा दोघांना गावच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिथूनच पवनीला फोन लावला, दोघे बोलले आणि साखरेची एक गोळी बंद झाली. रक्त पातळ करणारी गोळी जाळी बसवणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही, हेही त्यांनी बजावले.

घरी आल्यावर आनंदाबाईंनी ब्लेडने माझ्या आतल्या शिवणी उसवल्या. दुखले. पण कागद तारखेप्रमाणे लावून ठेवले, तेव्हा माझे पोट पहिल्यांदा नीट भरले.

मित्रांनो, तुमच्याही घरी आजी-आजोबांचे काही कागद उशीखाली असतील, काही डब्यात. ते एका जागी आणा. आणि डॉक्टर कोणताही असो, त्याला सगळे दाखवा.

मधुकरराव पाचव्यांदा लिहायला बसले. पहिल्याच ओळीवर अडले.

"लिवा ना, बाप्पा!" आनंदाबाई म्हणाल्या. "तीस वर्सं लोकाईची पुस्तकं वाचली, आन बायकोच्या गोळ्याईची यादी जमत नाही?"

त्यांनी लिहिले. सात औषधे, तिन्ही डॉक्टरांची नावे, रक्षाचा फोन नंबर. खाली एक ओळ जोडली, 'उशीर माझ्यामुळे झाला, रुग्णाची चूक नाही.'  ती वाचून आनंदाबाईंनी मला खांद्याला लावले आणि त्या मधुकररावांसोबत टपाल कार्यालयापर्यंत चालत आल्या.

पेटीपाशी मधुकररावांनी पाकीट आत सरकवले, परत ओढले, पत्ता पुन्हा वाचला. आनंदाबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. पाकीट आत पडले.