अक्काचं पापनिवेदन

स्वर्गाच्या किल्ल्या प्रेषितांच्या वारसांच्या हाती असतात, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्या वारसांपैकी एक, निवृत्त आर्चबिशप मार्कस त्रिभुवन, सोनईजवळच्या एका वस्तीवर थोरल्या बहिणीच्या दाराशी उभे होते आणि त्यांना दार उघडता येत नव्हतं.

"मामा, ढकलू नका, वढा," आतून बहिणीची सून बायडाबाई म्हणाली.

आत खाटेवर चांगुणाअक्का अखेरच्या वाटेला लागलेली. आई गेल्यावर हिनंच मार्कसला वाढवलं, ऊस तोडून फादर व्हायला सेमिनरीत धाडलं. तिथून तो रोमला गेला, डॉक्टरेट घेऊन आला, बिशप झाला, आर्चबिशप झाला. मोठमोठी माणसं वाकून त्याच्या अंगठीचं चुंबन घेत. पंचाहत्तरी भरली तेव्हा नियमाप्रमाणे त्यानं राजीनामा पाठवला. तो एवढ्यात काही मंजूर होत नाही, असं सगळे म्हणत होते, तोही म्हणत होता. रोमनं तो लगोलग मंजूर केला.

आयुष्यभर हजारोंना पापक्षमा दिली. जिला द्यायची म्हणून जीव तुटत होता, ती घ्यायला तयार नव्हती.

"तुला पापं सांगू? तुजा शेंबूड पुसलाय म्या! गावातल्या फादरला बोलवा."

गावातले फादर टेम्पोभर माणसं घेऊन मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला गेले होते. मोबाईल लागत नव्हता.

"अक्का, मीही फादरच आहे गं."

"तू मार्कस हायेस."

याला धर्मशास्त्रात उत्तर नव्हतं. आर्चबिशपांनी ते शिकवलेलं होतं, त्यामुळे खात्रीच होती.

अक्काचा श्वास मधेच थांबायचा, मग ओढून घेतल्यासारखा परत यायचा. प्रत्येक वेळी आर्चबिशपांच्या मनात यायचं: ही पापक्षमेवाचून अशीच गेली तर? त्यांनी हात जोडले, रागावून पाहिलं, शेवटी लहान पोरासारखे खाटेचा खूर धरून रडले. अक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

मग त्यांना चर्चमधली जाळी आठवली. पापनिवेदन करणाऱ्याला पलीकडचा फादर दिसू नये म्हणून असते ती. त्यांनी खाटेच्या कडेनं गेलेल्या वलणीच्या दोरीवरचं अक्काचं लुगडं ओढून पडद्यासारखं पसरलं, बायडाबाईला अंगणात धाडलं आणि पलीकडं पंख्याशेजारी स्टुलावर बसून खाकरले.

"कोन फादर हायेत?" लुगड्यामागून आवाज आला.

"राहुरीहून आलोय, बाई."

हे खोटं नव्हतं. बस राहुरीलाच बदलली होती.

मग अक्का बोलू लागली. काय बोलली ते इथं लिहिता येत नाही. ते गुपित फोडायची मुभा आर्चबिशपांना नाही, मग आपल्याला कुठली? एवढंच सांगता येईल की क्षमेचे शब्द, जे त्यांना पाच भाषांत झोपेतही येत, ते मराठीत एकेक शोधावे लागले. पलीकडं श्वास ऐकू येईना. त्यांनी हवेत क्रूस काढला आणि शब्द कसेबसे रेटत शेवटाला नेले.

त्यांनी लुगड्याला कान लावला.

"अक्का?" ते विसरून ओरडले. "अक्का गं!"

"फादर..."

"बोला, बाई, बोला!"

"झालं आसंल तर तेवढं लुगडं काढा. पंख्याचं वारं आडतंय."