पांढऱ्याला पांढरं

म्हाताऱ्याने जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, पण स्वतःच्या पोराच्या कामाला कधी चांगलं म्हणून म्हटलं नाही. पोरगाही रंगारीच. बापाच्या शिव्या खात शिकला, आता चाळिशी उलटली, तरी बापाने एकदा मान डोलवावी म्हणून आतल्या आत झुरत होता. तो हे कबूल करणार नाही. मी शेजारी, आमची मधली भिंत एकच, म्हणून मी सांगतो.

बापाच्या खोलीची भिंत त्याने जीव ओतून केली. खरवडली, भेगाखड्ड्यांत लांबी भरली, घासून गुळगुळीत केली आणि वर पांढऱ्याचे दोन हात मारले. बाप पलंगावरून बघत होता.

"पिवळा मारलायस."

"बाबा, डबा तुमच्यासमोर फोडला. पांढराच आहे."

"मला शिकवतोस? पिवळट आहे. दिव्याभोवतीसुद्धा पिवळं कडं आलंय बघ."

"कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं!" पोरगा ओरडला आणि रागारागाने तिसरा हात मारला. बापाचं म्हणणं तेच.

तेव्हापासून म्हातारा जेवेनासा झाला. घास तोंडाशी न्यायचा आणि परत ठेवायचा. कधी ओकायचा. घरातल्यांनी निदान केलं, रुसलाय. या घरातले सगळे रुसवे ताटावरच निघायचे, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. एक दिवस पोराचा तोल सुटला.

"तुम्हाला माझं काम बघवत नाही, दुसरं काही नाही! निदान चारचौघांत तरी पांढऱ्याला पांढरं म्हणा. माझी लाज काढू नका."

म्हातारा गप्प बसला. हा माणूस कधी गप्प बसत नसे, पण तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

उलट्या थांबेनात तेव्हा माझ्या गाडीतून त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयाने लहान, पण लक्ष देऊन बघणाऱ्या. नाडी धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फार संथ चालतेय. हृदयाची गोळी चालू आहे ना? दिवसाला किती?"

"एकच," पोरगा म्हणाला. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

मग बाईंनी आपल्या कोटाची बाही पुढे केली. "आजोबा, हा कोट कुठल्या रंगाचा दिसतो?"

म्हाताऱ्याने कोटाकडे पाहिलं. मग पोराकडे पाहिलं.

"पांढरा."

बाईंची आठी जराशी सैल झाली. उलटीवर इंजेक्शन दिलं, बाकीच्या तपासण्या उद्या सकाळी करू म्हणाल्या. पोरगा बापाला हाताला धरून बाहेर घेऊन आला. खुशीत होता, गाढव कुठला.

घरी सून म्हाताऱ्याचं तोंड पुसत होती, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सूनबाई, बाईंचा कोट पिवळाच होता गं. पण तुझा नवरा बाजूला उभा होता. कशाला त्याची लाज काढायची?"

तिचा हात थांबला. डॉक्टर असं उगाच विचारत नाहीत, एवढं तिला कळलं. "बाबा, तुमच्या गोळ्या कुठायत?"

उशीखालून हृदयाच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली, वेगवेगळ्या नावांची. जुनी मिळेना म्हणून औषधवाल्याने त्या जागी नवी दिली होती आणि म्हातारा दोन्ही घेत होता. "एका हातात कधी भिंत झाकते का?" तो म्हणाला.

सून पाकिटं घेऊन धावत गेली. बाईंनी ती पाहिली आणि ताडकन खुर्चीतून उठल्या.

"अहो, हे दोन्ही एकच औषध आहे! अंगात विष झालंय त्याचं. पिवळं दिसतं ते त्यानेच, म्हणून तर मी विचारलं होतं!"

मी गाडी काढली. मागच्या सीटवर पोराने बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो सारखा विचारत होता, "बाबा, कसलं दिसतंय? खरं सांगा, कसलं दिसतंय?" मोठ्या दवाखान्याच्या फाटकात शिरलो तेव्हा नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी बरीच खटपट केली.

सांत्वनाला येणाऱ्यांना म्हाताऱ्याच्या त्याच खोलीत बसवत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "भिंत मात्र छान झालीय हो. अगदी पांढरीशुभ्र."

पोराने वर पाहिलं. डोळे सुजले होते.

"नाही," तो म्हणाला. "पिवळट आहे. बाबा कधीपासून सांगत होते."