कोपनहेगनच्या कालव्यातली ‘सिग्ने’

मी एक जुनी लाकडी बोट आहे, मित्रांनो. माझं नाव सिग्ने. ओकच्या फळ्या वाफेवर वाकवून कारागिरांनी मला घडवलं आणि बेचाळीस वर्षं मी पाहुण्यांना कोपनहेगन दाखवलं. बुटक्या पुलांखालून जाताना माना खाली घालणारी किती माणसं मी वाहिली! दर हिवाळ्यात माझ्या फटी बुजवत, रंग देत. माझं कौतुक होई.

मग प्रेबेन मालक झाला. रंग तेवढा राहिला, फटी कुणी बघेना.

“मालक, पाणी उपसायचा पंप खोकतोय,” आमचा कप्तान आयनर त्याला म्हणाला.

“तूही खोकतोसच की! चालतोयस ना अजून?” प्रेबेन हसला.

मार्चमधल्या एका सकाळी सदतीस पाहुण्यांना घेऊन आम्ही बंदराच्या मधोमध होतो. माझी तळाची फळी सुटली. बर्फासारखं पाणी आत घुसलं. पंपाने एक आचका दिला आणि तो बंद पडला. मी फळ्या आवळून धरायचा प्रयत्न केला, पण व्यर्थ.

पाहुण्यांना शहराची माहिती सांगणाऱ्या इंगरच्या कानाशी आयनर लागला. “बुडतोय आपण. हे लोक घाबरून एका बाजूला धावले, तर उलटलोच समज. बोलत राहा, बाई!”

“काय बोलू रे? सगळं सांगून झालंय!”

“काहीही सांग, पण कुणाला उठू देऊ नकोस. मी बोट धक्क्याकडे नेतो.”

इंगरने माईक घट्ट धरला. “मंडळी, बसूनच तो हिरवा मनोरा बघा. तिथे माझ्या आजीचं लग्न होतं. आजोबा तासभर उशिरा आले, तेही कालव्यात पडून ओलेचिंब!”

सगळे हसले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बाई, माझे बूट भिजले!”

“मग तुम्ही आमच्या आजोबांच्या घराण्यातलेच!”

पुन्हा हशा. पाणी घोट्यापर्यंत आलं. मला वाटलं, आता सगळं संपलं. तेवढ्यात माझं नाक धक्क्याच्या दगडी पायऱ्यांवर आदळलं. आयनरने एकेकाला वर ओढलं. इंगर सगळ्यांत शेवटी उतरली आणि तिच्या डोळ्यांदेखत मी तळाला गेले.

“बोटच सडकी होती,” प्रेबेनने सगळ्यांना सांगितलं.

मला वर काढून भंगाराच्या आवारात टाकलंय. सोमवारी तोडणार आहेत. काल इंगर आली, माझ्या फुटक्या तळावर हात ठेवून रडली. “पायऱ्यांपर्यंत टिकलीस गं,” म्हणाली.

मित्रांनो, मला आता कुणी वाचवू शकत नाही. पण तुमच्याजवळचं काही जुनं कुरकुरत असेल, तर आजच वाकून बघा. प्रत्येक बोट पायऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.