शोभेचा उमेदवार

ही गोष्ट १९७४ ची, कलकत्त्यातली. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी टंकलेखिका होते. मंजुलिका सोम तिथेच संशोधन करायची आणि बायकांच्या वसतिगृहात माझ्याच खोलीत राहायची. डॉक्टरेट होऊन सहा वर्षं झाली, तरी ती तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर बाटल्यांतून शेवाळं वाढवत होती. परदेशातले लोक पत्रं पाठवून तिचे निबंध मागवायचे. आमचे विभागप्रमुख हिरेनबाबू मात्र तिला स्वतःच्या वाटचे पेपर तपासायला द्यायचे.

अखेर एक कायमची जागा निघाली. ती हिरेनबाबूंच्या गुरूंच्या जावयासाठी, शुभव्रतसाठी, निघाली हे कँटीनमधल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण नियम असा, की दोन तरी उमेदवार हजर हवेत. नाहीतर मुलाखत रद्द आणि जाहिरात पुन्हा. म्हणून कुणाला तरी शोभेला बसवायचे. मंजू पूर्वी तीनदा बसली होती.

"या खेपेला नाही जायची, रेबादी," ती मला म्हणाली. "जूनमध्ये म्हातारा निवृत्त होतोय. नवा माणूस बाहेरून येणार. तेव्हा पुन्हा जाहिरात निघाली तर काही आशा आहे. पुढच्या वर्षी माझं वय उलटलं, की अर्जसुद्धा करता यायचा नाही."

तिसरा अर्ज आमच्याच विभागात संशोधन करणाऱ्या पुलकेश नंदीचा होता. मंजू त्याच्याकडे गेली. "पुलकेशदा, आपण दोघंही गेलो नाही तर त्यांची पंचाईत होईल. नव्या माणसापुढे मग खुशाल मला हरवा."

"आईची शपथ, नाही जाणार," तो म्हणाला. चहाही पाजला त्याने तिला.

मुलाखतीच्या दिवशी शुभव्रत रेशमी झब्बा घालून एकटाच बाकावर बसला होता. आत तज्ज्ञ मंडळी संदेश मिठाई खात होती. हिरेनबाबू सारखे बाहेर येऊन जिन्याकडे बघत होते. मी मनात कालीमातेला नवस बोलत होते.

तेवढ्यात पुलकेश जिना चढून आला. धोतर कडक इस्त्रीचं.

"तू कशाला आलास रे?"

त्याने आवाज खाली आणला. "रेबादी, मंजू आली नाही ना? मग आता दोघांतच चुरस. शुभव्रतला येतं काय?"

"अरे मूर्खा, त्याला काही यावं लागत नाही! नुसता दुसरा माणूस लागतो!"

हिरेनबाबूंनी तोवर त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. "ये बाबा, ये. तुझीच वाट पाहत होतो."

संध्याकाळी मी मंजूला सांगितलं. ती रडली नाही. "धोतराला इस्त्री केली होती?" एवढंच विचारलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

शुभव्रत पुढे विभागप्रमुख झाला. त्याने शेवटपर्यंत एकही निबंध लिहिला नाही. हिरेनबाबूंची तसबीर अजून तिथे आहे, दरवर्षी हार पडतो. पुलकेश आणखी दोन मुलाखतींना बसला. दोन्ही वेळा जागा आधीच ठरलेली होती. मग तो विमा विकायला लागला. मंजूने बर्धमानच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं सातवी-आठवीला शिकवलं. गेल्या माघात ती वारली. तिची शेवाळं मात्र त्या मुलाखतीच्याच वर्षी, ती विभाग सोडून गेली तेव्हा, मोरीत ओतली गेली. त्या बाटल्या मीच धुतल्या. विभागातली तिची ती खोली शुभव्रतला हवी होती.