छकुलीचे चार किलो

मी न्हाणीघराच्या दाराशी पडलेला वजनकाटा. पाय पुसून या, मग बोलू.

जन्म कारखान्यातला. शिक्षण एकशेवीसपर्यंतचे आकडे, त्यापुढे मी ढ. उभा जन्म लोकांच्या तळव्यांखाली गेला, तरी ऐट बघा, भलेभले माझ्यापुढे मान खाली घालून उभे राहतात.

मला घरात आणलं आमच्या पोस्टमनने, त्याच्या लेकीसाठी, छकुलीसाठी. पोरगी जन्मली जेमतेम दोन किलोची. दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं, दर आठवड्याला वजन करा. पण तिला माझ्यावर ठेवलं की ती घरंगळायची. मग पोस्टमन तिला घेऊन उभा राहायचा आणि येईल त्या आकड्यातून स्वतःचे सत्तर वजा करायचा.

"एकदा तुमचंही बघा ना," बायको म्हणायची.

"माझं काय बघायचंय? लग्नापासून सत्तर. तसूभर हललेलं नाही."

मी कुरकुरलो. पण माझं बोलणं लोकांना स्प्रिंगचा आवाज वाटतो.

लग्नात तो सत्तर असेलही, नाही कशाला म्हणू? तेव्हा दिवसभर सायकलवरून पत्रं वाटायचा. बाळ झाल्यावर लवकर घरी यायचं म्हणून स्कूटर घेतली. बायकोसाठी तिच्या बहिणीकडून डबे यायचे. तिला दोन घास बसून खायला सवड नव्हती, मग वाया कशाला जायचं म्हणून डबा हाच पुसून काढायचा. झोप झाली नाही की बिस्किटं, बाळ झोपलं की त्या आनंदात पुन्हा बिस्किटं. बायकोने तर बाळंतपणात वाढलेलं वजन दिसायला नको म्हणून माझ्याकडे बघणंच सोडलं होतं. वाटेत आलो की पायाने बाजूला सारायची.

चौथ्या महिन्यात आकडा आला ऐंशी.

"दहा किलो? भलतीच सुटलीय पोरगी," पोस्टमन म्हणाला. "दूध कमी कर तिचं."

"चार महिन्यांच्या लेकराचं दूध तोडू? आधी सिस्टरना विचारते." ती बोलली ठामपणे, पण चेहरा उतरला. माझाही उतरला असता, पण त्यावर आकड्यांशिवाय काही उमटत नाही. पोर उपाशी राहणार आणि खापर माझ्यावर फुटणार. खरं सांगूनही खोटा ठरणारा असा गाढव दुसरा नसेल.

दवाखान्यात मलाही पिशवीत घालून नेलं, साक्षीला. सिस्टरनी छकुलीला तिथल्या काट्यावर ठेवलं.

"सहा. अगदी हवं तेवढं."

"सिस्टर, तुमचा काटा बिघडलाय. घरी दहा भरली."

"घरी कसं मोजता?"

पोस्टमनने ऐटीत हिशेब सांगितला.

"आणि तुमचे सत्तर कधीचे?"

"लग्नातले."

सिस्टरनी मला पिशवीतून काढून जमिनीवर ठेवलं. "द्या पोरगी इकडे. राहा उभे, भाऊ."

त्याने पोट आत ओढलं. अहो, हवा तेवढी ओढा, मला पोट दिसतच नाही. चौऱ्याहत्तर.

"अगं बाई," बायको म्हणाली, "खाल्लंत तुम्ही आणि उपास माझ्या लेकीला?" तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरले होते. छकुलीला तिथेच पदराखाली घेऊन ती दूध पाजायला बसली.

आता रविवारी तो आधी एकटा उभा राहतो. मग बायको, डोळे गच्च मिटून. आकडा तो वाचतो आणि दोन किलो कमी सांगतो. तिला ते कळतं. मला तर कळतंच. पण या खेपेला मी मुळीच कुरकुरत नाही.