भिंगरीचा पांगुळगाडा

मित्रांनो, मला तीन चाके आहेत, एक आडवा दांडा आहे. बोलायला तोंड मात्र नाही. तरीही आज बोलावेसे वाटते. मी पांगुळगाडा. उभे राहू पाहणाऱ्या बाळांनी धरून चालावे, म्हणून मला केले.

मला घडवले ते या घरातल्या मुलांच्या मामाने. तो सुतार. दाराच्या चौकटीतून उरलेले लाकूड त्याने दोन दिवस घासले. बाळाच्या हाताला कुसळ रुतू नये, एवढीच त्याला काळजी. थोरली मला धरून चालली तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या. धाकट्याने तर आठवड्यात मला सोडून दिले आणि तो घरभर धावत सुटला. म्हणून त्याचे नाव पडले भिंगरी. मग वडिलांनी मला माळ्यावर ठेवले. मला वाईट वाटले नाही. पांगुळगाड्याला मुलांनी विसरावे, यातच त्याचे यश असते.

माळ्यावरून खालची खोली दिसे. भिंगरी चार वर्षांचा झाला होता. त्याला ताप आला आणि उतरलाही. पण आठ दिवसांनी, शाळेच्या वेळेला, तो अंथरुणातून उठेना.

"बाबा, पाय दुखतात. उभं राहवत नाही."

वडील छापखान्यात कामाला. त्यांना उशीर होत होता. "ताप जाऊन आठ दिवस झाले. शाळा बुडवायची नाटकं आहेत ही!"

"अहो, थांबा ना जरा," आई म्हणाली.

पण त्यांनी त्याला काखेत धरून उभे केले आणि हात सोडले. भिंगरी रिकाम्या पोत्यासारखा कोसळला. तो रडला नाही. वडिलांकडे नुसता बघत राहिला.

महिनाभर आईवडील त्याच्याजवळ इस्पितळातच होते. थोरली शेजारच्या काकूंकडे जेवायची आणि एकटीच येऊन खोली झाडायची.

भिंगरी घरी आला तो वडिलांच्या खांद्यावर. पाय लोंबत होते. आजाराने पायांच्या नसा दुबळ्या केल्या होत्या. ताकद किती परत येईल, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. रोज आधार देऊन चालवा, एवढेच ते म्हणाले. वडिलांनी मला खाली काढले. मी त्याच्या उंचीला पुरेना, म्हणून मामाने दांडा उंच करून दिला.

"हा बाळांचा आहे. मी नाही धरणार!" भिंगरीने तोंड फिरवले.

आईने समजावले, वडिलांनी विनवले. व्यर्थ. शेवटी थोरलीने आपले दप्तर माझ्यावर आणून आदळले.

"माझं ओझं गॅलरीपर्यंत ने. माझे हात दुखतायत."

तो दांडा धरून पाय ओढत निघाला. सात पावले झाली. आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

एकदा त्याने विचारले, "बाबा, ह्याला पांगुळगाडा का म्हणतात?" वडील माझ्या चाकात तेल घालत होते. त्यांचा हात थांबला. मग ते दुसऱ्या चाकाकडे वळले.

वर्ष सरले. एका पायात ताकद आली, दुसऱ्यात नाही. त्या पायाला पट्ट्यांचा बूट मिळाला आणि मी गॅलरीत पडलो. भिंगरी हे नाव घरात कुणी घेईनासे झाले. वडिलांनी तर धास्तीच घेतली. एकदा तो पोट दुखते म्हणाला, तर त्याला उचलून दवाखान्यात धावले. पोट दुखत नव्हतेच; त्या दिवशी शाळेत पाढे म्हणून दाखवायचे होते. आई पोट धरून हसली. वडिलांना काही हसू आले नाही.

आता माझ्या दांड्यावर ओली फडकी वाळतात. एक चाक निखळले आहे. रोज सकाळी गजांतून रस्ता दिसतो. मुले पळत पुढे जातात. सगळ्यांच्या मागे हे बापलेक असतात. वडिलांची चाल मूळची भरभर. पण लेकाचे एक पाऊल पडेपर्यंत ते आपले दुसरे उचलत नाहीत. छापखान्यात उशिराबद्दल त्यांना बोलणी बसतात, ती ते मुकाट्याने ऐकून घेतात.

मित्रांनो, लहान मूल दुखते म्हणाले, तर आधी खरे माना. खोटे निघाले तर मग रागवा. आणि बरोबरचे कुणी हळू चालत असेल, तर पुढे जाऊन हाका मारू नका. दोन पावले मागे या आणि त्याच्या शेजारून चाला.