जिन्याखालचा कोमट पंप

मित्रांनो, जिन्याखाली ज्याला टेकवून तुम्ही फाटक्या छत्र्या ठेवता, तो जुना पंप म्हणजे मी. अंगणात दोन खोल भोकं पाडून त्यांत नळ्या सोडल्या आणि त्यांच्या टोकाला मला बसवलं. हिवाळ्यातही जमिनीच्या पोटात ऊब असते. नळ्यांतलं पाणी ती वर आणतं, मी ती घरभर वाटतो. उन्हाळ्यात घरातला उकाडा खाली नेऊन सोडतो. अठरा वर्षं हेच केलं. सुरुवातीला पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. पुढे छत्र्या आल्या.

आमचे मालक सर्वज्ञ आहेत. यंदाच्या थंडीत त्यांनी माझी हवा येते त्या भिंतीतल्या झरोक्यासमोर हात धरला आणि निकाल दिला, "हवा कोमट येतेय. मेलं हे यंत्र!"

मित्रांनो, माझी हवा कोमटच असते. मी दिवसभर सावकाश ऊब देतो; कुणाचे हात भाजणं माझ्या कामात बसत नाही. पण मालकांनी लालभडक विजेची शेगडी आणली आणि बैठकीत नेमकी भिंतीवरच्या त्या डबीखाली ठेवली, जी गारठा जाणवला की मला चालू करते. डबीला वाटलं, घराची भट्टी झाली. तिने मला बंद केलं. मागच्या खोलीत सासूबाई दोन रजयांत कुडकुडू लागल्या.

"जावईबापू, माझ्या पायांचा बर्फ झालाय हो!"

"पंप गेलाय, आई. उद्या भंगारवाला नेईल."

"आधी त्याला नेणार की मला?"

शेवटी मालकीणबाईंनी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी माझं झाकण उघडलं, पाहिलं, लावलं. मग बैठकीत जाऊन शेगडी विझवली आणि पायानेच कोपऱ्यात सरकवली. थोड्या वेळाने मी घुरघुरू लागलो.

"कोणता भाग बदललात?" मालकांनी विचारलं.

"शेगडीची जागा."

"तेच मी म्हणत होतो!"

"कुणाला?" मालकीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी मोजे काढले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, तेव्हा त्यांनी स्वतः शेगडी त्याच्या हातात ठेवली.

मित्रांनो, आता हात जोडून सांगायची वेळ आली. मला हात नाहीत, तरी ऐका. वर्षातून दोनदा माझी जाळी धुवा, मला तेवढं पुरे. बाकीची काळजी घरातल्या सर्वज्ञाची घ्या. त्याला वेळेवर चहा द्या, वर्तमानपत्र द्या, आणि आमच्यापासून चार हात लांब बसवा.